हाताच्या मापाचा ट्रान्समीटर

धावपट्टीवर उतरू लागलेल्या छोट्या विमानाच्या वैमानिकाला शेवटच्या काही सेकंदांत चार कामे एकाच वेळी करावी लागतात. मोटरचा वेग उतरवायचा, नाक किंचित वर राखायचे, पंख समतल ठेवायचे आणि वाऱ्याने बाजूला ढकललेले विमान सुकाणूने सरळ करायचे. ही चारही कामे हातातील ट्रान्समीटरच्या दोन दांड्यांवर, म्हणजे स्टिकवर होतात. अशा वेळी अंगठा स्टिकच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचला नाही, तर तळहात पेटीवरून सरकतो. तळहात सरकला की दुसऱ्या हाताखालची स्टिकही नकळत हलते आणि विमान पंख टेकवून जमिनीवर आदळते. मैदानावर त्याचे निदान बहुधा ‘सराव कमी पडला’ असेच होते. प्रत्यक्षात कित्येकदा दोष सरावाचा नसतो, मापाचा असतो. पेटी मोठ्या हाताच्या बेताने घडलेली असते आणि तिला धरणारा हात लहान असतो.

रेडिओ-नियंत्रित विमाने, हेलिकॉप्टर आणि ड्रोन उडवणाऱ्यांत आज शाळकरी मुले आहेत, राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेतील मुले-मुली आहेत आणि शेतावर फवारणी करणाऱ्या स्त्रियाही आहेत. महिला बचतगटांना ड्रोन देणाऱ्या ‘नमो ड्रोन दीदी’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. १५ हजार गट आणि १,२६१ कोटी रुपयांची तरतूद असे तिचे स्वरूप ठरले. त्यामुळे लहान हातांचा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. अमेरिकी लष्कराने १९८८ मध्ये केलेल्या मोजणीत पुरुषांच्या हाताची सरासरी लांबी सुमारे १९.४ सेंटिमीटर, तर स्त्रियांच्या हाताची सुमारे १८ सेंटिमीटर भरली होती. फरक दीड सेंटिमीटरच्या आतबाहेरचा. पण ज्या यंत्रावर मिलिमीटरभर हालचालीने विमान कलते, तेथे तो थोडा नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा हात तर याहूनही लहान.

पेट्या मोठ्या का राहिल्या?

ट्रान्समीटरच्या आकारामागे एकेकाळी तांत्रिक कारणे होती. जुने संच २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालत. त्यांना सुमारे मीटरभर लांबीची, दुर्बिणीसारखी उलगडणारी अँटेना लागे. आत बहुधा पेन्सिल सेलच्या आकाराच्या आठ बॅटऱ्या असत. एवढा भार सावरायचा, तर पेटी रुंद आणि जड होणे ओघाने आलेच. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात २.४ गिगाहर्ट्झचे संच रूढ झाले आणि अँटेना बोटभर उरली. पुढे लिथियम बॅटऱ्यांनी वजनही घटवले. पेटीचा घाट मात्र सवयीने बराच काळ तसाच राहिला. खऱ्या अर्थाने लहान पेट्यांची रेलचेल झाली ती २०१८ नंतर, कॅमेऱ्याच्या डोळ्यांनी उडवायच्या शर्यतीच्या ड्रोनमुळे. व्हिडिओ गेमच्या रिमोटसारखा आकार असलेले फ्रस्कायचे एक्स-लाइट (२०१८), टीबीएसचे टँगो २ (२०१९), जम्परचे टी-लाइट (२०२०), रेडिओमास्टरचे झोरो (२०२२) आणि पॉकेट (२०२३) हे संच त्याच लाटेतले.

साहजिकच, हात लहान असेल तर सर्वांत लहान पेटी घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. वैमानिकाला अडचण होते ती पेटीच्या रुंदीने नव्हे. तळहात जेथे टेकतो ती जागा आणि स्टिकचे टोक यांतील अंतराने होते. हे अंतर हाताला जुळले, तर मोठी पेटीही सोयीची ठरते. जुळले नाही, तर लहान पेटीवरही अंगठा अवघडतो. म्हणूनच निवडीची सुरुवात पेटीपासून न करता पकडीपासून करावी.

आधी पकड ठरवावी

स्टिक धरण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत अंगठा स्टिकच्या माथ्यावर टेकतो आणि बाकीची बोटे पेटीला मागून आधार देतात. तर्जनी मोकळी राहत असल्याने वरच्या कडेचे स्विच पटकन हाताशी येतात. दुसरीत अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्टिक धरली जाते आणि तळहाताची कड पेटीच्या दर्शनी भागावर टेकते. बारीक हालचाली अधिक नेमक्या होतात म्हणून कसरतीची विमाने आणि ग्लायडर उडवणारे अनेक जण चिमटीची पकड पसंत करतात. अंगठा माथ्यावर आणि तर्जनी बाजूला अशी मिश्र पकडही प्रचलित आहे.

लहान हातांच्या दृष्टीने दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. अंगठ्याच्या पकडीत पेटीचे सारे वजन बोटांवर येते आणि अंगठ्याला एकाच मुळापासून चारही कोपरे गाठावे लागतात. डाव्या हाताचा अंगठा खालून-डावीकडून निघतो. त्यामुळे वरचा-उजवा कोपरा त्याला सर्वांत दूर, तर खालचा-डावा कोपरा सर्वांत अवघड वळणाचा. उजव्या हाताचे गणित याच्या उलट. चिमटीत मात्र संपूर्ण पंजा स्टिकसोबत सरकू शकतो. त्यामुळे अंगठ्याच्या लांबीला फारसे महत्त्व उरत नाही. अट एकच: पेटीचे वजन हाताने पेलायचे नाही. ते गळ्यातील पट्ट्याने किंवा ट्रेने पेलले पाहिजे.

स्टिकवर कोणते काम कोठे असावे, हा प्रश्न वेगळा. ‘मोड २’मध्ये वेग आणि सुकाणू डाव्या हाताला, तर नाक वर-खाली करणे आणि पंख कलवणे उजव्या हाताला असते. ‘मोड १’मध्ये वेग आणि पंख उजवीकडे, नाक आणि सुकाणू डावीकडे जातात. हाताच्या मापासाठी मोड बदलू नये. शिकवणारा ज्या मोडवर उडवतो तोच घ्यावा. कारण विमान अडचणीत सापडले, तर ट्रान्समीटर त्याच्याच हाती द्यावा लागतो.

पेट्यांचे चार घाट

पहिला घाट गेम-रिमोटचा. दोन्ही तळहात मुठीसारखे वळतात, स्टिक कडेजवळ असतात आणि अंगठे सहज पोहोचतात. रेडिओमास्टर पॉकेटचे वजन बॅटरीविना ३०० ग्रॅमच्या आत आहे. त्यात १८६५० मापाचे दोन सेल घातले, तर सुमारे शंभर ग्रॅमची भर पडते. अंगठ्याने उडवणाऱ्या लहान हातांना हा घाट बहुधा पहिल्याच दिवशी मानवतो. मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. स्टिक आखूड असल्याने तीच हालचाल कमी अंतरात करावी लागते, स्विच मोजके असतात आणि चिमटीला तळहात टेकवण्याइतकी जागा उरत नाही.

दुसरा घाट मधल्या आकाराचा. २०२२ मध्ये आलेल्या रेडिओमास्टर बॉक्सरमध्ये स्टिकची यंत्रणा, म्हणजे गिंबल, पूर्ण आकाराची असून पेटी तुलनेने आटोपशीर आहे. जो वैमानिक आज अंगठ्याने उडवतो, पण पुढे चिमटीकडे वळू इच्छितो, त्याच्यासाठी हा मध्यममार्ग. अकरा-बारा वर्षांचे मूल दोन-तीन वर्षांत हाताने मोठे होते. अशा मुलांसाठीही हाच घाट अधिक काळ टिकतो.

तिसरा घाट हातात धरायच्या पूर्ण आकाराच्या पेटीचा. रेडिओमास्टर टीएक्स१६एसचे वजन बॅटरीविना सुमारे ७५० ग्रॅम भरते. स्विच भरपूर, पडदा मोठा, गिंबल प्रशस्त. पण लहान हाताने अंगठ्याच्या पकडीत हा संच अर्धा तास पेलला, तर मनगट दुखू लागणे स्वाभाविक आहे. पट्टा लावून चिमटीने उडवले, तर मात्र तोच संच लहान हातालाही चालतो.

चौथा घाट ट्रेचा. युरोपात, विशेषतः जर्मनीत, ही परंपरा जुनी आहे. ग्राउपनरच्या एमसी मालिकेतील संच याच प्रकारचे होते. चेक कंपनी जेटीची डीसी मालिकाही ट्रे-पद्धतीची आहे, तर डीएस मालिका हातात धरायची. ट्रे कमरेच्या उंचीवर पट्ट्यांनी लटकतो, दोन्ही तळहात त्याच्या पृष्ठभागावर विसावतात आणि हाताला पेटी धरावीच लागत नाही. बरेचसे स्विच वरच्या पृष्ठभागावर असल्याने बोटे मागे वळवण्याची गरज नसते. आकाराने सर्वांत मोठी असलेली ही पेटी लहान हाताच्या प्रौढ वैमानिकाला कित्येकदा सर्वांत आरामशीर वाटते, ती यामुळेच. किंमत, वजन आणि वाहून नेण्याची गैरसोय या तिच्या बाजू. लहान मुलाच्या अंगाला ट्रे रुंद पडतो आणि कोपरे बाहेर फाकतात. तेथे तो टाळावा.

स्टिकची लांबी आणि ताण

बहुतेक चांगल्या संचांत स्टिकचे टोक दोन भागांचे असते. खालचा भाग फिरवून उंची ठरवायची आणि वरचा त्यावर घट्ट आवळायचा, अशी रचना असते. वापरणाऱ्यांपैकी अनेकांना ही सोय ठाऊकच नसते आणि कारखान्यातून आलेल्या लांबीवरच ते वर्षानुवर्षे उडवतात. अंगठ्याच्या पकडीसाठी स्टिक आखूड, चिमटीसाठी लांब, हा ढोबळ नियम.

आखूड करण्याचा परिणाम साध्या भूमितीने कळतो. स्टिक तिच्या वळणबिंदूपासून ३५ मिलिमीटर उंच असेल आणि प्रत्येक बाजूला ३० अंश कलत असेल, तर टोक मध्यापासून साडेसतरा मिलिमीटर सरकते. उंची २८ मिलिमीटर केली, तर ते १४ मिलिमीटरच सरकते. कोपरा साडेतीन मिलिमीटर जवळ आला, ही जमेची बाजू. मात्र तेवढ्याच हालचालीत आता विमान अधिक वळते. म्हणजेच नियंत्रण अधिक चपळ आणि चंचल होते. यावर ‘एक्स्पो’ हा उपाय आहे. या सुविधेमुळे स्टिकच्या मध्याजवळची हालचाल सौम्य होते आणि कडेला पूर्ण परिणाम कायम राहतो. २० ते ३० टक्क्यांपासून सुरुवात करून उड्डाणागणिक थोडा बदल करावा.

स्प्रिंगचा ताण हा दुसरा दुर्लक्षित भाग. ताठ स्प्रिंग लहान अंगठ्याला लवकर थकवते. थकलेला अंगठा स्टिकवरून घसरतो. गिंबलजवळच्या छोट्या स्क्रूने हा ताण कमी-अधिक करता येतो. काही संचांत मागचे रबरी आवरण काढताच हे स्क्रू दिसतात, काहींत मागचे झाकण उघडावे लागते. पाव फेरा फिरवून पाहावे, एकदम सैल करू नये. स्टिक सोडल्यावर ती ठामपणे मध्यावर परतली पाहिजे. वेगाच्या स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग विमानांच्या संचात नसते; तेथे घर्षण बेताचे ठेवावे. हे सारे बदल ट्रान्समीटर बंद ठेवून आणि विमानाची बॅटरी काढूनच करावेत. टोके पुन्हा घट्ट आवळली आहेत, याची खात्री उड्डाणापूर्वी करावी. उड्डाणात स्टिकचे टोक हातात आले, तर पुढचे काही सांगणे नको.

स्विच कोठे आहेत?

स्टिक जमली म्हणजे संच जमला असे नाही. मोटर तत्काळ बंद करणारा स्विच हा सुरक्षिततेचा कणा होय. फिरते पाते बोटे कापू शकते. विमान गवतात उलटले किंवा कोणी धावत जवळ आले, तर दोन्ही स्टिक न सोडता, खाली न पाहता, हा स्विच लागला पाहिजे. लहान हाताला अनेकदा नेमका हाच स्विच दूर पडतो. ओपनटीएक्स आणि त्यातून २०२१ मध्ये वेगळी झालेली एजटीएक्स यांसारख्या मुक्त प्रणालींत कोणतेही काम कोणत्याही स्विचला नेमून देता येते. मोटर बंद करणे, उड्डाणाची पद्धत बदलणे आणि घरी परतण्याचा आदेश ही कामे जवळच्या स्विचांवर घ्यावीत. चाके, दिवे, बीपर ही दूरच्या. उजव्या आणि डाव्या तर्जनीचा आवाका सारखाच असतो असे गृहीत धरू नये. प्रत्यक्ष पाहूनच नेमणूक करावी.

पट्ट्याचा विचारही याच वेळी करावा. आकडा पेटीच्या तोलाच्या बिंदूवर नसेल, तर पेटी पुढे किंवा मागे झुकते आणि ती सरळ धरण्यात बोटे गुंततात. आकड्याची जागा पुढे-मागे करणारी पट्टी मिळते. लहान हाताच्या वैमानिकासाठी तो चैनीचा भाग नव्हे.

दुकानातील पाच मिनिटे

संच हातात न घेता केवळ चित्र पाहून मागवणे टाळावे. दुकान जवळ नसेल, तर मैदानावर जाऊन दुसऱ्याचा संच, बंद अवस्थेत, पाच मिनिटे हाताळण्याची विनंती करावी. त्या पाच मिनिटांत पुढील गोष्टी तपासाव्यात.

एक: दोन्ही स्टिक चारही कोपऱ्यांत, गोलाकार, सावकाश फिरवाव्यात. तळहात जागेवरून हलता कामा नये.

दोन: एक स्टिक कोपऱ्यात धरून ठेवावी आणि दुसरी मध्यावर स्थिर राहते का, ते पाहावे.

तीन: डोळे मिटून मोटर बंद करण्यासाठी वापरता येईल असा स्विच शोधावा. दोनदा चुकला, तर जागा योग्य नाही.

चार: पट्टा न लावता संच पाच मिनिटे छातीसमोर धरावा. बोटे आवळली जात असतील, तर वजन जास्त आहे.

पाच: स्टिकची उंची बदलता येते का आणि ताणाचे स्क्रू कोठे आहेत, हे विचारून घ्यावे.

याखेरीज आपल्याजवळच्या रिसीव्हरशी संच बोलतो का, हेही पाहावे. एका कंपनीचा ट्रान्समीटर दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर चालवेलच असे नाही. बहु-प्रोटोकॉल मॉड्यूल असलेल्या संचांत ही अडचण बरीच कमी होते. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. परदेशातून मागवताना ९१५ मेगाहर्ट्झच्या आवृत्तीऐवजी २.४ गिगाहर्ट्झचीच आवृत्ती मागावी.

संच घरी आल्यावर लगेच मैदान गाठू नये. यूएसबी तारेने तो संगणकाला जोडून सिम्युलेटरवर आठवडाभर उडवावे. हात कोठे अवघडतो, कोणता स्विच सापडत नाही, हे तेथे फुकटात कळते. मैदानावर तेच कळायला विमान मोडावे लागते.

मुलांच्या हाती देताना

मुलांना शिकवताना दोन ट्रान्समीटर तारेने किंवा बिनतारी जोडण्याची सोय वापरावी. शिक्षकाच्या स्विचवर नियंत्रण विद्यार्थ्याकडे जाते आणि तो स्विच सोडताच परत येते. विद्यार्थ्याचा संच शिक्षकाच्या संचाइतका मोठा असण्याची गरज नाही, दोघांची जोडणी जुळली म्हणजे पुरे. मुलाच्या हातात लहान, हलका संच आणि शिक्षकाच्या हातात त्याचा नेहमीचा, ही विभागणी सर्वांत सोयीची. ‘मोठा झाल्यावर पुरेल’ या हिशेबाने बुटाप्रमाणे दोन मापे मोठा ट्रान्समीटर घेऊन देऊ नये. मोठ्या बुटात मूल अडखळते, मोठ्या ट्रान्समीटरने विमान दुसऱ्यावर जाऊन पडू शकते.

निवड हाती नसेल तेव्हा

फवारणीच्या ड्रोनबरोबर ट्रान्समीटर ठरलेलाच येतो. बचतगटातील निवडलेल्या सदस्येला १५ दिवसांच्या प्रशिक्षणात तोच हाताळावा लागतो. त्यात पडदा बसवलेला असल्याने तो बहुधा जड असतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला औषधाची टाकी घेऊन उडणारे अवजड यंत्र असते. येथे अंगठा निसटणे म्हणजे केवळ छंदातले नुकसान नव्हे. संच बदलता येत नसला, तरी बरेच काही मागता येते. गळ्याचा किंवा खांद्यांवरचा पट्टा पहिल्या दिवसापासून लावावा. उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत मुभा असेल तेवढी स्टिकची उंची आणि ताण प्रशिक्षकाकडून जुळवून घ्यावा. उड्डाण थांबवण्याचा आणि परत बोलावण्याचा आदेश कोणत्या बोटाने द्यायचा, याची तालीम पाती काढून करावी. सलग तास-दोन तास न उडवता बॅटरी बदलताना हात मोकळे करावेत. प्रशिक्षण संस्थांनीही ‘अंगठा पोहोचतो का?’ हा प्रश्न पहिल्या उड्डाणाच्या आधी विचारायला हवा; पहिल्या अपघातानंतर नव्हे.

शिंपी कापड कापण्यापूर्वी माप घेतो. हवेत पाती फिरवणारे यंत्र ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्या हाताचे माप आधी घेणे तेवढेच स्वाभाविक ठरावे. हात लहान असणे ही वैमानिकाची उणीव नव्हे. पकड, घाट, स्टिकची उंची, ताण आणि स्विच यांचा या क्रमाने विचार केला, तर बहुतेक लहान हातांना साजेसा संच मिळतोच. किंमत आणि पडद्याचा आकार यांचा विचार त्यानंतर करावा.